तिसऱ्या मिनिटाचा उतार

निवृत्त होऊन वर्ष झालं तेव्हा भाचीनं मला चॅनेल काढून दिलं. ती दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना इथंच कोल्हापुरात, राजारामपुरीत, आमचं घर मंगळवार पेठेत. दर रविवारी जेवायला यायची आणि मी तिला कुठल्यातरी पोराच्या गणिताच्या वहीतली गंमत सांगत बसायची. एका रविवारी ती म्हणाली, "मावशी, हे मला सांगून काय उपयोग? मी दात काढतो. कॅमेऱ्याला सांग." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, डॉक्टर झाल्या तरी.

बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे शिकवायची भीती नव्हती. पुढच्या खोलीत पांढरा फळा लावला. खिडकीत पुस्तकांची चळत रचून तिच्यावर मोबाइल उभा केला. सकाळी अकराच्या सुमाराला तिथं चांगला उजेड येतो. दहावीचं बीजगणित, पण पार पायापासून, असं ठरवून सुरुवात केली. पहिला व्हिडिओ एकवीस जणांनी पाहिला आणि त्यातले निम्मे तरी आमचे नातेवाईक असणार. यजमानांनी तो दोनदा पाहिला. एकदा पाहताना त्यांचा डोळा लागला होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांच्या मते जी गोष्ट स्क्रू-ड्रायव्हरनं उघडता येत नाही ती मुळात संशयास्पद.

दहा-बारा व्हिडिओ झाल्यावर भाचीनं मला ॲनालिटिक्सचं पान उघडून दाखवलं. "हितं बघत जा. कोण बघतंय, कवा बघतंय, कुठवर बघतंय, सगळं हाय."

व्ह्यूज वगैरे आकड्यांत मला फारसा रस वाटला नाही. पण खाली एक आलेख होता आणि तो पाहून मी चष्मा पुसला. डावीकडून उजवीकडे व्हिडिओची मिनिटं, खालून वर किती टक्के लोक अजून बघताहेत. आयुष्यभर पोरांना आलेख काढायला लावले, आणि आता माझ्याच शिकवण्याचा कुणीतरी आलेख काढला होता. वर्गात पन्नास पोरं बसलेली असतात. त्यांतली किती उठून गेलीत ते समजत नाही, कारण उठून जायची सोयच नसते. सगळी फळ्याकडेच बघत असतात. इथं मात्र उठून गेलेला प्रत्येक जण रेषेत उतरलेला दिसत होता.

पहिलंच कोडं निघालं ते शंभराच्या वरचं. एका व्हिडिओत चाळिसाव्या सेकंदाला रेषा टेकडीसारखी वर गेली होती, शंभर टक्क्यांच्या पलीकडे.

"हे चूक आहे," मी भाचीला फोनवर म्हणाले. "शंभरातले एकशे बारा लोक कसे काय बघतील?"

"मावशी, लोकं तेवढाच तुकडा मागं जाऊन परत बघत्यात. दोनदा बघितलं की दोनदा मोजतंय."

मी खूश झाले. त्या जागी मी 'चल' आणि 'स्थिर' यांतला फरक सांगितला होता, आणि तो चांगला सांगितला होता असं मला वाटत होतं. व्हिडिओ लावून चाळिसावा सेकंद नीट ऐकला. माझा आवाज होताच, पण त्याच्या मागून, दारातून, यजमानांचा आवाज येत होता. ते भाजीवालीशी घासाघीस करत होते.

"ही दोडकी माझ्याहून जून झाल्यात की!"

आणि भाजीवाली म्हणत होती, "मग तुमास्नी बी पाटीत ठिवू काय, पावणं?"

लोक हे परत परत ऐकत होते. खाली एकानं विचारलंही होतं, 'दोडकी शेवटी घेतली का?' मी यजमानांना ते दाखवलं, तर त्यांची छाती फुगली. त्या दिवसापासून रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांना मागच्या खोलीत बसवावं लागायचं, कारण ते मुद्दाम खोकायला लागले होते.

पण त्या टेकडीमुळे मला एक नाद लागला. प्रत्येक व्हिडिओचा आलेख मी वहीत पेन्सिलीनं उतरवून घ्यायला लागले. कुठं चढ, कुठं उतार, आणि त्या सेकंदाला मी काय बोलत होते, हे समोर लिहायचं. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात बरीच मंडळी जातात. ते सगळ्यांचंच होतं, असं भाची म्हणाली. पुढे रेषा सावकाश उतरते. पण समीकरण सोडवायच्या व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला एकदम कडा होता. पायरी नव्हे, कडा. पन्हाळ्याच्या तटावरून खाली बघावं तसा.

त्या जागी मी फळ्यावर लिहिलं होतं: तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. मग म्हटलं होतं, "हा पाच पलीकडे नेला, वजा झाला. तीन एक्स बरोबर पंधरा. एक्स बरोबर पाच. हे तर सोपं आहे."

मी बाकीचे व्हिडिओ तपासले. जिथं जिथं 'हे तर सोपं आहे' म्हटलं होतं, तिथं जवळपास प्रत्येक वेळी उतार होता. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. ज्याला ते जमत नाही त्याच्या तोंडावर आपण 'सोपं आहे' म्हणतो, म्हणजे तू मठ्ठ आहेस असंच सांगतो की! तो उठून जाणार नाही तर काय करणार? बत्तीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब मी लावायला घेतला आणि सोडून दिला.

मी तो व्हिडिओ पुन्हा केला. सगळं तेच, फक्त 'सोपं आहे' कुठंही नाही. वाक्य तोंडातून निघू नये म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात मार्करनं फुली मारून ठेवली होती. आठ दिवस थांबले. रोज सकाळी चहाआधी ते पान उघडायची आणि न बघता मिटायची. नवव्या दिवशी बघितलं. कडा जिथल्या तिथं होता.

"चुकलं तुझं उत्तर," यजमान म्हणाले.

"हो," मी म्हटलं. खरं सांगते, वाईट वाटलं. माझं कारण इतकं नीटनेटकं होतं की ते खरं नसेल असं मनातच आलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाकडून बघायचं ठरवलं. ही माणसं का जातात ते सापडत नसेल, तर ही माणसं आहेत तरी कोण? सुरुवातीला ते पान 'पुरेशी माहिती नाही' एवढंच सांगायचं. आता माहिती जमली होती आणि ती बघून मी चक्रावले. मी शिकवत होते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी, आणि बघत होते पस्तीस ते पंचेचाळीसमधले पुरुष. तेही दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान.

"चाळिशीचा गडी दुपारी दोनला बीजगणित कशापायी शिकंल?" यजमानांनी विचारलं.

मी तर्क लढवले. इचलकरंजीतले मागावरचे कामगार असतील, पाळी संपवून घरी आलेले. पोरांचा अभ्यास घेण्याआधी स्वतः बघून घेत असतील. स्पर्धा परीक्षांची वयं वाढलीत म्हणे, तशातले कुणी असतील. मी त्या चाळिशीच्या माणसांची मनात चित्रंही काढून ठेवली. कुणी मिशीवाला, कुणी टक्कल पडत चाललेला, सगळे मान खाली घालून वहीत लिहिताहेत.

शेवटी पुढच्या व्हिडिओत सरळ विचारून टाकलं. "दुपारी दोनला कोण बघतं? खाली लिहा. आणि मध्येच सोडून जाता ते का, तेही लिहा. रागावणार नाही."

सोडून जाणारे उत्तर कशाला देतील? ते तर गेलेलेच. पण तीन-चार जणांनी लिहिलं. त्यांतलं एक असं होतं: 'मी बगतो बाई रोज दुपारी. कोडोलीवरनं. दाहावीला बसलोय.' शेजारी चित्र एका मिशीवाल्या माणसाचं, ट्रॅक्टरला टेकून उभा. मला फार आनंद झाला. माझा तर्क बरोबर निघाला होता! मी लिहिलं, 'शाब्बास दादा. या वयात दहावीला बसलात, कौतुक वाटलं. कुठं अडतं ते कळवा.'

संध्याकाळी उत्तर आलं, त्यात फोन नंबर होता. भाचीनं मला तो वहीत उतरवून घ्यायला लावला आणि असं चारचौघांत नंबर ठेवत नसतात म्हणून ते उत्तर लगेच पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला.

"दादा, मी गणिताच्या बाई बोलतेय, कोल्हापूरवरून."

पलीकडून बाईचा हसण्याचा आवाज आला. "दादा न्हाय वो बाई. दादा आज फोन घरातच इसरून ऊस तोडाय गेल्यात. मीच बघतो की तुमचं!"

फोन नवऱ्याचा होता. त्यावरचं खातं नवऱ्याचं, चित्र नवऱ्याचं, जन्मतारीखही नवऱ्याची. माझ्या आलेखात ही बाई पस्तिशी ओलांडलेला पुरुष म्हणून मोजली गेली होती. मी मनात काढलेल्या सगळ्या मिश्या एका फटक्यात गळून पडल्या. असे किती पुरुष खरे पुरुष होते, कोण जाणे.

तिला विचारलं, "तुम्ही व्हिडिओ बघत असताना मी शेजारी बसले तर चालेल का?"

"बसाय काय हुतंय? या की. पर बसून काय बघणार तुमी?"

"तुम्हाला बघणार," मी म्हटलं.

त्यावर ती म्हणाली, "दोनच्या आत या. फोन तवाच मोकळा असतोय."

बुधवारी मी एसटीनं कोडोलीला गेले. बाई थांब्यावर न्यायला आली होती. साधारण चाळिशीची, उंच, भरभर चालणारी. नववी झाल्यावर लग्न झालं. आता मुलगी आठवीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कुठलाबी कागद भराय घेतला की शिक्षणाच्या रकान्यात हात थांबतोय. तेवढा रकाना भरायचा हाय मला."

घरी सासूबाई बाहेरच्या सोप्यात आडव्या झाल्या होत्या. दोनच्या आत नवरा जेवून झोपला आणि फोन तिच्या हाती आला. तेव्हा मला दोन ते तीनची वेळ समजली. मला वाटत होतं, त्या वेळी बघणाऱ्यांना सवड मिळते. सवड फोनला मिळत होती. तासाभरानं नवरा उठणार, फोन खिशात घालून परत उसाच्या फडात जाणार.

तिनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, आवाज बारीक केला, वही उघडली. मी तिला तोच व्हिडिओ लावायला सांगितला, दुसऱ्यांदा केलेला, 'सोपं आहे' काढून टाकलेला. मी फोनकडे बघतच नव्हते. तिचं बोट आणि चेहरा बघत होते. पहिली दोन मिनिटं ती भराभर लिहीत होती, माझ्या पुढे जात होती. चल म्हणजे काय, स्थिर म्हणजे काय, सगळं तिला येत होतं. तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. लिहिलं. "हा पाच पलीकडे नेला, वजा झाला," मी फोनमधून म्हणाले, आणि तिचं पेन थांबलं. ते तसंच कागदावर टेकलेलं राहिलं. फोनमधली मी पुढं बोलतच होते. पाच-सहा सेकंदांनी तिनं बोटानं व्हिडिओ बंद केला.

"का थांबलात?" मी विचारलं.

"नेट गेलं," ती म्हणाली.

नेट गेलं नव्हतं, मला दिसत होतं. पण समोर बसलेल्या मास्तरणीला कुणी 'कळलं नाही' असं कसं म्हणेल? ती उठली, चुलीकडे गेली, चहा टाकला. चहा गाळताना पाठमोरीच म्हणाली, "बाई, एक इचारू का? हसू नगा."

"विचारा."

"ओढ्याच्या पलीकडं नेली म्हणून म्हशीची गाय हुती व्हय?"

मला समजेना. "म्हणजे?"

"तुमी म्हणतासा, पाच पलीकडं गेला, वजा झाला. का झाला? हिकडं अधिक हुता, तिकडं जाऊन वजा कसा हुतोय? पोरगीला इचारलं तर ती म्हणती, आई, तसंच असतंय. गाईडात बी तसंच हाय. तसंच असतंय म्हणून किती दिस लिवायचं?"

मी हातातला कप खाली ठेवला. हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, आठवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीनं. 'बाई, चिन्ह का बदलतं?' आणि मी म्हटलं होतं, 'नियम आहे, पाठ करून टाक, परीक्षेत कारण विचारत नाहीत.' ती खाली बसली. तिनं नंतर कधी प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटलं तिला समजलं.

मी त्या बाईची वही ओढून घेतली. बरोबरच्या चिन्हाखाली एक उभी रेघ काढली, वर आडवी दांडी, दोन्हीकडे पारडी. "ही तागडी समजा. डाव्या पारड्यात तीन एक्स आणि पाच. उजव्यात वीस. तागडी सरळ आहे. आता डावीकडचे पाच काढून घेतले, तर?"

"डावीकडचं पारडं वर जाईल."

"मग सरळ ठेवायची तर काय करायचं?"

तिनं विचार केला. "उजवीकडनं बी पाच काढायचं."

"किती उरले?"

"पंधरा." ती वहीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, जवळजवळ रागानं. "म्हंजे कोण पलीकडं जातच न्हाय!"

"नाही जात."

"दोनीकडचं पाच काढल्यात. हिकडं ते संपलं आनि तिकडं वजा दिसाय लागलं." तिनं कपाळावर हात मारला. "मग तुमी सगळी 'पलीकडं नेलं, पलीकडं नेलं' असं का सांगत बसलाय?"

आमच्या बाईंनी आम्हाला तसं सांगितलं होतं, एवढंच. मी तेच म्हणाले. ती हसायला लागली आणि मग मीही. आतून नवऱ्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय न्हाय, पाच घावला!"

परत येताना एसटीत मी खिडकीशी बसून माझ्याच चुकीचा उलगडा करत होते. 'सोपं आहे' हे वाक्य मी जिथं म्हणत होते, तिथंच एक पायरी खात होते. मला ती पायरी दिसतच नव्हती, म्हणून तर ते सोपं वाटत होतं. वाक्य काढून टाकलं, पण खाल्लेली पायरी परत ठेवली नव्हती. मग कडा कसा हलेल? दोन गोष्टी बरोबर घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नसतं, हे मी स्वतः पोरांना सांगत आले होते.

यजमानांना सगळी हकिगत सांगितली. म्हशीची गाय ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. मग मागच्या खोलीत गेले. तासाभरानं कपड्याच्या हँगरला सुतळीनं दोन स्टीलच्या ताटल्या बांधून घेऊन आले. ताटल्या तंतोतंत समतोल. "घे. आता शिकीव."

त्या तागडीवरचा व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला. त्यात सगळा वेळ मी एकच समीकरण सोडवते. भाचीला तो लांबलचक वाटला. थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं दर्शनी चित्र, तर तिच्या मते एकदम फिकं होतं. तिचं खरं निघालं. आधीच्यांपेक्षा तो कमी लोकांनी पाहिला. पण आलेख उघडला तर तिसऱ्या मिनिटाला कडा नव्हता. रेषा सावकाश उतरत गेली होती, जशी कुठलीही रेषा उतरते. जे थांबले ते थांबून राहिले होते. मी ती रेषा पेन्सिलीनं वहीत उतरवली आणि यजमानांना दाखवली. ते म्हणाले, "सपाट हाय की. यात बघण्यासारखं काय हाय?" त्यात बघण्यासारखं हेच होतं. सहाव्या मिनिटाला मात्र एक नवा खड्डा होता, भागाकाराच्या जागी. तीही पायरी मी खाल्ली होती का, हे शोधायला अजून दोन आठवडे गेले. खाल्ली होती.

आता मी दर महिन्याला एका तरी बघणाऱ्याशेजारी जाऊन बसते. हुपरीत पैंजणाला कड्या लावता लावता नुसतं ऐकणारी एक मुलगी भेटली. तिचे डोळे कामावर असतात, त्यामुळे मी फळ्यावर लिहिते ते तिला दिसतच नाही. तिच्यासाठी मी लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं बोलायला लागले. आलेख मला जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. कारणासाठी एसटीच पकडावी लागते.

कोडोलीच्या बाईंचा निकाल लागला तेव्हा त्यांनी दुपारी दोनला फोन केला. गणितात सुटल्या होत्या, बऱ्या मार्कांनी. इंग्रजीत अडकल्या होत्या. मला वाटलं, त्या रडतील. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"परत बसतो की पुरवणीला. इंग्रजीच्या एका बाईचं बघाय लागलोय आता."

"कसं शिकवतात?"

"चांगलं शिकिवत्यात, पर लई भरभर. मधलं मधलं खात्यात." मग म्हणाल्या, "मी खाली लिवलंय तिला. म्हटलं, बाई, तुमी चौथ्या मिनिटाला काय खाल्लंसा ते परत सांगा."

"मग? दिलं उत्तर?"

"आजून न्हाय. पर मी रोज लिवतोय."